लाइटिंगवर ढकलू नका : मासिकांच्या फोटो एडिटर मंडळींना खुलं पत्र

प्रति,
परदेशातल्या फॅशन आणि सिनेमा मासिकांचे फोटो एडिटर, आर्ट डायरेक्टर,
आणि ब्युटी ब्रँडच्या जाहिराती करणाऱ्या एजन्सी

स.न.वि.वि.

मी पुण्यात फोटो रिटचिंगचं, म्हणजे छापायच्या आधी फोटो कॉम्प्युटरवर सुधारायचं काम करते. तुमच्याकडे संध्याकाळ झाली की फाइल्स सर्व्हरवर चढतात, तेव्हा आमच्याकडे सकाळ असते, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी ऑफिसला यायच्या आत त्या परत गेलेल्या असतात. कपड्यांचे कॅटलॉग, लिपस्टिकच्या जाहिराती, मासिकाची आतली पानं, कधीकधी कव्हरसुद्धा. वाचकांना ही साखळी माहीतच नसते. क्रेडिटमध्ये फोटोग्राफर असतो, स्टायलिस्ट असतो, मेकअप, केस, अगदी नखं करणारीचंही नाव असतं, पण चेहऱ्याचा रंग कुणी बदलला आणि कुणाच्या सांगण्यावरून, ते कुठेच नसतं. पत्र मराठीत लिहितेय कारण तुमच्या सूचना प्रत्यक्ष अमलात आणणारे बरेच हात इथे आहेत, त्यांनीही हे वाचायला हवंय. तुम्हाला भाषांतर करून घेणं अवघड नाही.

निमित्त सांगते. मध्यंतरी एका ब्लॅक गायिकेचे फोटो आमच्याकडे आले. नाव सांगता येत नाही, गोपनीयतेचा करार असतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल, इतकी सुंदर होती की मी बाजूच्या मुलीला बोलावून दाखवली. फोटोग्राफरने एका बाजूने मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेड देणारा दिवा लावलेला, गालाच्या हाडावर आणि खांद्यावर जी चकाकी येते ती नेमकी पकडलेली, रंग अगदी काळाभोर आणि त्यात किंचित निळसर झाक. सोबत सूचनांची शीट. डोळ्यांखालची सूज कमी करा, ड्रेसच्या चुण्या काढा, बॅकग्राउंड स्वच्छ करा, आणि खाली एक ओळ, स्किन अजून दोन स्टेप ब्राइट आणि वॉर्म. मी उलट विचारलं की रेफरन्स काय आहे, म्हणजे मूळ रंग कशाशी ताडून बघायचा, कलाकाराने हे पाहिलंय का, तिला मान्य आहे का. उत्तर आलं नाही, फाइल आमच्याकडून काढून दुसऱ्या टीमला दिली गेली. छापून आलं तेव्हा ती बाई ओळखू येत होती पण तिचा रंग तिचा नव्हता. लोकांनी ऑनलाइन विचारलं तर खुलासा आला की स्टुडिओतल्या लाइटिंगमुळे तसं वाटत असावं. म्हणजे ज्या फोटोग्राफरचं लाइटिंग हीच त्या फोटोतली सगळ्यात चांगली गोष्ट होती, त्याच्याच डोक्यावर खापर. तेव्हापासून माझ्या मनातून हे जात नाहीये.

हे उत्तर नवीन नाही. 2008 मध्ये लॉरिआलच्या केसांच्या रंगाच्या जाहिरातीत गायिका बियॉन्से कितीतरी गोरी दिसली म्हणून ओरड झाली, कंपनीने तिचा रंग बदलल्याचं साफ नाकारलं. 2010 मध्ये एल मासिकाच्या पंचविसाव्या वर्षाच्या अंकाच्या एका कव्हरवर नटी गॅबोरी सिडिबे होती, तिच्याबद्दल तोच आरोप, तोच नकार. 2014 च्या सुरुवातीला व्हॅनिटी फेअरमधल्या नटी लुपिता न्योंगोच्या फोटोवरून वाद. मार्च 2015 मध्ये इनस्टाइलच्या कव्हरवर नटी केरी वॉशिंग्टन, मासिक म्हणालं आम्ही डिजिटली काही केलं नाही, बहुतेक लाइटिंगचा परिणाम. पुढच्याच वर्षी अ‍ॅडवीक मासिकाचं कव्हर आलं आणि त्या वेळी केरी वॉशिंग्टन स्वतःच बोलली, इन्स्टाग्रामवर, की आरशात दिसते त्यापेक्षा इतकी वेगळी मी या फोटोत दिसतेय हे बघून विचित्र वाटलं, थकल्यासारखं झालं. तिने भांडण केलं नाही, मासिकाचे आभारसुद्धा मानले, आणि तरी हे लिहिलं. मासिकाकडून उत्तर आलं की कव्हरच्या डिझाइनसाठी लागतील तेवढेच किरकोळ बदल केले होते.

या सगळ्या वादांत खरं-खोटं एका गोष्टीने ठरलं असतं, मूळ फाइल शेजारी ठेवली असती तर. ती तुमच्याकडेच असते. वाचकांच्या वाट्याला मात्र दर वेळी निवेदन येतं.

आता लाइटिंगबद्दल थोडं, कारण हे माझं रोजचं काम आहे आणि इथे वाचकांना सहज गंडवता येतं. लाइट जास्त झाला तर तो फक्त कातडीवर जास्त होत नाही. त्याच फ्रेममधला पांढरा ड्रेस जळतो, त्याचा कपडा दिसेनासा होऊन नुसता पांढरा ठिपका राहतो, डोळ्यांतला पांढरा भाग फटक होतो, दागिन्यांची चमक फुटते. ड्रेसचा धागान् धागा दिसतोय, मोत्यांची गोलाई शाबूत आहे आणि फक्त चेहरा नि हात चार पायऱ्या वर चढलेत, तर तिथे कुणीतरी मास्क लावून, म्हणजे फोटोतला तेवढाच भाग वेगळा निवडून, काम केलेलं असण्याचीच शक्यता जास्त. दुसरी खूण हातांची. काळ्या माणसाच्या हाताचा तळवा फिका असतो आणि मागची बाजू गडद, हा फरक निसर्गाने दिलेला आहे, सरसकट उजळलेल्या फोटोत तो फरक पुसट होत जातो. कधी कान आणि मान एका रंगाची आणि चेहरा भलत्याच, कारण घाईत मास्क तिथपर्यंत पोचलेला नसतो. आणि नुसती ल्युमिनन्स, म्हणजे रंगाचा उजळपणा, वर ओढली की काळी त्वचा राखेसारखी करडी पडते, मग ते झाकायला लाल-पिवळा घालावा लागतो, त्यातून तो तांबूस, एकसारखा, प्लास्टिकचा रंग तयार होतो जो कुठल्याच जिवंत माणसाचा नसतो. ऑरेंजचा स्लायडर थोडा उजवीकडे सरकवला की झालं, दोन सेकंद लागतात, म्हणूनच कुणाला ते मोठं काही केल्यासारखं वाटत नाही.

छपाईचं कारण मला मान्य आहे, अर्धं. कागदावर शाई पसरते, डार्क टोन गच्च होऊन बसतात, म्हणून प्रेसला पाठवताना शॅडो थोडी उघडावी लागते, आम्ही ती रोज उघडतो. पण ती अगदी खालच्या अंधारासाठी असते, म्हणजे केसांतल्या बटा दिसाव्यात, काळ्या कोटाची कॉलर दिसावी. त्यासाठी अख्खा गाल गव्हाळ करावा लागत नाही. आणि वेबसाइटवर तर शाईच नाही, तिथे हे कारण कसं चालेल?

सगळ्यांनाच रिटच करतो, गोऱ्या नट्यांनाही करतो, असंही तुम्ही म्हणता. करता, खरंय, कंबर बारीक करता, सुरकुत्या घालवता, आणि तेही मला पटत नाही. पण गोऱ्या नटीला तिच्या वंशातून बाहेर काढत नाही तुम्ही. इतकी वर्षं ही कामं हाताखालून गेली, फोटो जास्त सुंदर दिसावा म्हणून एखाद्या गोऱ्या चेहऱ्याला चार छटा गडद करा अशी सूचना माझ्याकडे कधी आलेली नाही. उन्हात रापलेला टॅन मागतात, तो वेगळा, तो सुट्टीवर जाऊन आल्याचा रंग असतो.

गडद करायची सूचना कधी येते ते टाइम मासिकाने दाखवून दिलंय. जून 1994, अमेरिकन फुटबॉलचा माजी स्टार ओ. जे. सिम्प्सनवर घटस्फोटित बायको आणि तिच्या मित्राच्या खुनाचा आरोप, लॉस एंजेलिस पोलिसांनी काढलेला त्याचा अटकेचा फोटो. 27 जूनच्या अंकावर न्यूजवीकने तो फोटो होता तसा छापला. टाइमने तोच फोटो एका चित्रकाराकडून बदलून घेतला, चेहरा काळवंडलेला, कडा अंधारात बुडालेल्या, हातातल्या पाटीवरचा नंबर लहान केलेला. दोन्ही मासिकं स्टँडवर शेजारी शेजारी लागली म्हणून लोकांना कळलं, न्यूजवीकने दुसरा फोटो वापरला असता तर कदाचित कळलंही नसतं. टाइमच्या संपादकांना पुढे खुलासा करावा लागला. सिम्प्सन दोषी की निर्दोष हा इथे मुद्दाच नाही, तेव्हा तर खटलाही उभा राहायचा होता.

आता हे दोन्ही शेजारी ठेवा. लिपस्टिक विकायची आहे, ऑस्कर मिळालाय, कव्हर ग्लॅमरस हवंय, तर रंग वर. आरोपी आहे, भीती वाटायला हवी, तर रंग खाली. त्या माणसाचा रंग जिथे होता तिथे मात्र राहत नाही, तुमच्या स्टोरीला जो लागतो तो त्याच्या तोंडावर चढवला जातो. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, बाकीच्या तक्रारी यातूनच निघतात. नुसतं गोरं करू नका एवढंच म्हणून मी थांबले तर उद्या दुसऱ्या टोकाची चूक चालू राहील.

यंत्रंही तुमच्याच बाजूची होती हे नाकारू नका. कोडॅकच्या लॅबमध्ये प्रिंटचा रंग जुळवायला जे कार्ड वापरत, त्यावर वर्षानुवर्षं एक गोरी बाई असायची, शर्ली कार्ड म्हणायचे त्याला, त्या बाईची कातडी बरोबर आली की प्रिंट बरोबर. एकाच फोटोत गोरं आणि काळं मूल शेजारी बसलं की काळ्या मुलाचे फक्त डोळे आणि दात दिसत. आया तक्रार करत होत्याच, पण फिल्म सुधारायला जोर आला तो फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारीने, कारण त्यांना गडद आणि फिकं लाकूड, डार्क आणि मिल्क चॉकलेट यांतला फरक फोटोत दिसत नव्हता. हे वाचलं तेव्हा मला अक्षरशः रडू आलं होतं. सगळ्या वर्णांच्या बायका असलेली कार्डं यायला 1990 चं दशक उजाडलं.

पण आज ते कारण उरलेलं नाही. सेटवर जो कलर चेकर धरतात, 24 रंगांच्या चौकटींचा, त्यातली पहिलीच चौकट गडद त्वचेची आहे आणि दुसरी फिक्या त्वचेची, 1976 पासून तो बाजारात आहे. तो कलाकाराच्या चेहऱ्याशेजारी धरून एक फ्रेम घ्या, पुढे पृथ्वीच्या पाठीवर कुणीही फाइल उघडली तरी मूळ रंग कुठे होता ते मोजता येतं. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी फाइल्समध्ये ही फ्रेम नसते. कधी शूटला घेतलेली असते, पण आम्हाला पाठवताना वगळलेली असते.

नुसता ब्लॅक फोटोग्राफर घेऊन प्रश्न सुटतो असंही मला वाटत नाही, जरी ते व्हायलाच हवं होतं आणि फार उशिरा झालं. अमेरिकन व्होगच्या 126 वर्षांत कव्हर शूट करणारा पहिला कृष्णवर्णीय फोटोग्राफर टायलर मिचेल, सप्टेंबर 2018, समोर बियॉन्से. व्हॅनिटी फेअरला 2020 उजाडलं, डॅरिओ काल्मीसने नटी व्हायोला डेव्हिसचं कव्हर केलं, ते बघा एकदा, तिची पाठ आणि तिच्या पाठीचा रंग, त्यात एकही माफी मागितल्यासारखा कोपरा नाही. पण 2021 मध्ये कमला हॅरिस यांचं व्होगचं कव्हर त्याच टायलर मिचेलने केलं आणि तिथेही रंग धुतल्यासारखा दिसतो अशी तक्रार झालीच. फोटो क्लिक झाल्यावर तो निवडतं कोण, ग्रेड करतं, म्हणजे त्याचे रंग ठरवतं कोण, मंजूर कोण करतं, हा सगळा प्रवास बघायला हवा.

आणि या प्रवासात जबाबदारी कुणाचीच नसते. 2017 मध्ये ब्रिटनच्या ग्राझियाच्या कव्हरवर लुपिताच्या डोक्यामागचे तिचे स्वतःचे केस पुसून टाकलेले होते. ती जाहीरपणे बोलली. मासिकाने माफी मागितली पण म्हणाले की आम्ही सांगितलं नव्हतं आणि आम्ही केलंही नाही, काय बदल झालेत याची आम्हाला कल्पना असायला हवी होती. मग फोटोग्राफरने माफी मागितली. त्याच्या महिनाभर आधी लंडनच्या इव्हनिंग स्टँडर्डच्या मासिकाने गायिका सोलांजच्या डोक्यावरचा वेण्यांचा मुकुट उडवला होता, आणि आतल्या मुलाखतीत ती वेण्यांचं तिच्या आयुष्यातलं महत्त्व सांगत होती. संपादकांनी तो फोटो मंजूर केला तेव्हा शब्द वाचले नव्हते का?

हे एवढं मनाला का लावून घेतेस, असं मला घरचेही विचारतात. मी सावळी आहे, आमच्याकडे लग्नाच्या बायोडेटाला लावायचा माझा फोटो स्टुडिओवाल्याने न विचारता उजळून दिला होता आणि आईला तो आवडला होता, तिला मी दोष देत नाही. पण लुपिता न्योंगोचा रंग माझ्यासारखाही नाही, त्याहून कितीतरी गडद, आणि तिचं सोसणं मी माझ्या सोसण्याशी जोडून आपलंसं करणार नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मागे गुलामगिरीचा इतिहास आहे, फिक्या रंगाला घरात काम आणि गडद रंगाला शेतात अशी वाटणी आहे, ते त्यांचं आहे. मला तिचं फेब्रुवारी 2014 चं भाषण आठवतं, एसेन्स मासिकाच्या कार्यक्रमातलं. लहानपणी ती देवाकडे रोज मागायची की सकाळी उठेन तेव्हा मी गोरी झालेली असू दे. मग अ‍ॅलेक वेक ही आजच्या दक्षिण सुदानची मॉडेल सगळीकडे दिसायला लागली, रात्रीसारखी काळी, आणि लोक तिला सुंदर म्हणत होते, त्याने हिला धीर आला. त्याच भाषणात तिने एका मुलीचं पत्र वाचून दाखवलं, ती मुलगी गोरं करणारं क्रीम विकत घेणारच होती आणि तेवढ्यात लुपिता जगासमोर आली आणि तिने घेतलं नाही.

त्या मुलीला थांबवलं कशाने? एका फोटोतल्या रंगाने. तो रंग दोन स्टेप वर गेला असता तर ती थांबली नसती. तुमच्या शीटवरच्या त्या ओळीचं वजन इतकं आहे.

आपल्याकडच्या पोर्टलवाल्यांनाही जाता जाता सांगते, कारण हॉलिवूडचे हेच फोटो उचलून, त्यावर एन्हान्सचं बटण दाबून तुम्ही पुढे पाठवता. ही बटणं निष्पाप नाहीत. 2017 मध्ये फेसअ‍ॅपचं एक फिल्टर माणसाला आकर्षक करायच्या नावाखाली सरळ गोरं करत होतं, कंपनीने माफी मागितली. 2020 मध्ये ओबामांचा धूसर फोटो एका एआय टूलमध्ये टाकला तर गोरा माणूस बाहेर आला. आणि भारतात 2010 च्या शेवटी एलच्या कव्हरवर ऐश्वर्या रायला अजून गोरं केल्याची केवढी चर्चा झाली होती ते आठवा, जिचे डोळेसुद्धा निळे-हिरवे, तिलाही पुरेसं गोरं समजलं नसेल तर बाकीच्यांचं काय. 2014 पासून जाहिरात मानक परिषदेचे नियम आहेत की गडद रंगाची माणसं दुःखी, नाकारलेली, कमी दाखवायची नाहीत, पण ते गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातींना. फोटो स्वतःच क्रीमचं काम करत असेल तर त्याला नियम नाही.

म्हणून मागण्या. साध्या आहेत, कशालाच जास्त खर्च नाही.

कलाकाराचा रंग बदलायचा नाही, वरही नाही आणि खालीही नाही. रंगदोष काढणं वेगळं, हिरवट ट्यूबलाइटची झाक काढा, व्हाइट बॅलन्स करा, पण त्याचं माप सेटवरचा कलर चेकर असेल, आर्ट डायरेक्टरची आवड नाही. ती चेकरची फ्रेम फाइलसोबत रिटचरपर्यंत आलीच पाहिजे.

त्वचेबद्दलची प्रत्येक सूचना लेखी, आणि खाली सूचना देणाऱ्याचं नाव. फोनवर सांगून मोकळं व्हायचं नाही.

छापायच्या आधी शेवटचा फोटो कलाकाराला दाखवा. मोठ्या स्टार काही वेळा करारात हे घालून घेतात, नवख्या मुलींना ते जमत नाही, त्यांनाच जास्त गरज आहे.

वाचकांनी विचारलं तर मूळ फ्रेम आणि छापलेली फ्रेम शेजारी शेजारी ठेवा, वेबसाइटवर, त्याच आठवड्यात. चूक झाली असेल तर दुरुस्ती त्याच जागी, तितक्याच मोठ्या आकारात.

नॉर्वेत जुलै 2022 पासून कायदाच आहे, जाहिरातीत शरीराचा आकार, मापं किंवा त्वचा बदलली असेल तर तसं लेबल लावावं लागतं. फ्रान्सचा 2017 चा नियम फक्त मॉडेलला बारीक-जाड केल्याबद्दल आहे, त्यात रंग नाही. नॉर्वेच्या जाहिरातीत करता ते बाकीच्या देशांत आणि संपादकीय पानांवरही स्वतःहून करा, कायदा यायची वाट बघू नका.

आणि क्रेडिटमध्ये रिटचरचं नाव आणि रंग मंजूर करणाऱ्याचं नाव. माझंही छापा. नाव छापणार म्हटल्यावर ती ओळ शीटवर कोण लिहितं ते बघू.

माझ्या बाजूने, त्वचा ब्राइट किंवा डार्क करायची सूचना रेफरन्सशिवाय आली तर मी काम परत पाठवते आणि पाठवत राहणार. आमच्या ओळखीतल्या काही रिटचरांशी बोललेय, तेही तसंच करायला तयार आहेत. इथल्या बाकीच्यांना सांगणं आहे की निदान प्रश्न तरी लेखी विचारा, त्याची नोंद राहते.

मी ज्या गायिकेच्या फाइलबद्दल लिहिलंय ती ज्यांनी छापली त्यांना हे पत्र वाचल्यावर लगेच कळेल. करार मोडून मी काही उघड करणार नाही. तुम्ही मात्र ती रॉ फ्रेम तिला पाठवू शकता, तिच्या परवानगीने छापूही शकता, पुढचा अंक अजून प्रेसला गेलेला नाही.

कळावे,
पुण्यातली एक रिटचर